खिशातला प्रोजेक्टर आणि पार्किंगमधली सभा

रविवार, रात्रीचे साडेनऊ. आसनगाव स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवरची एक सोसायटी. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, तीसेक माणसं बसलेली आणि समोर भिंतीवर आमचा मित्र आयुष्यातलं पहिलं बिझनेस प्रेझेंटेशन देतोय. विषय, सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवणं. चौथी स्लाइड चालू असताना पहिल्या रांगेतले एक काका वळून मागे बघतात, पुन्हा पुढे बघतात आणि अगदी प्रेमाने विचारतात, "बाळा, चित्र कधी चालू होणारे?"

चित्र चालूच होतं. दिसत नव्हतं, एवढंच.

मी मागे मोबाइल धरून उभी होते. 'लोकल स्टार्टअप' अशी एक छोटी बातमी करायची म्हणून गेले होते खरं तर. भिंतीवर फिकट निळसर चौकोन, त्यात मुंग्या चालल्यासारखी अक्षरं, वर चार ट्यूबलाइट ढणढणीत. मित्र घामाघूम. शेवटी त्याने लॅपटॉप उचलून पहिल्या रांगेत फिरवला. चेअरमन चांगले होते, म्हणाले, "दोन आठवड्यांनी पुन्हा ये. पण दिसेल असं काहीतरी आण रे. आणखी एक पार्टी येणार आहे त्यांचं कोटेशन घेऊन, हे तुला सांगून ठेवतो."

मित्र इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. फर्म त्याच्या मोठ्या भावाची आहे, फर्म म्हणजे भाऊ, एक वायरमन आणि आता हा. शेतघरं, पोल्ट्रीच्या शेड, एखादं किराणा दुकान अशी छोटी कामं त्यांनी केली आहेत. शेहेचाळीस फ्लॅटची अख्खी सोसायटी हे त्यांच्यासाठी पहिलंच मोठं काम. प्रोजेक्टरवर त्याने साडेचार हजार घातले होते, ऑनलाइन सेलमध्ये. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, ९,००० ल्युमेन, फोर-के सपोर्ट.

पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं या एका विषयात डोकं घालून बसलो. तुम्हीही कधी ना कधी बसणार आहात. कॉलेजचा सेमिनार असो, ई-सेलची पिच असो, घरच्या धंद्याचं सादरीकरण असो, "खिशात मावणारा एक प्रोजेक्टर घेऊया" हे वाक्य ग्रुपवर कुणीतरी टाकतंच.

नऊ हजारांचे साठ

सगळ्यात आधी ल्युमेन. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. आता हा मोजायचा कुठे, यातच सगळी गंमत आहे. आतल्या एलईडीचा उजेड मोजला तर आकडा फुगतो, कारण त्यातला बराचसा आतल्या काचा, फिल्टर आणि लेन्स खाऊन टाकतात. तुमच्या कामाचा आकडा भिंतीवर पोचलेल्या उजेडाचा. तो मोजायची ठरलेली पद्धत आहे: पूर्ण पांढरं चित्र पाडायचं, त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. अशा मापाला आन्सी ल्युमेन म्हणतात. खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' किंवा 'लक्स' किंवा 'ब्राइटनेस ९,०००' असं लिहिलं असेल आणि 'आन्सी' किंवा 'आयएसओ' हा शब्द कुठेच नसेल, तर तो आकडा हवेत सोडलेला समजा.

हे माप घरीही घेता येतं, आणि आम्ही घेतलं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याशेजारी उजेड ओळखणारा सेन्सर असतो. लक्स मीटरचं एखादं फुकट अॅप टाकलं की तो आकडा दाखवतो. अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण अंदाजाला पुरतो. सोपी युक्ती अशी, की सोळास-नऊ आकाराचं साठ इंची चित्र जवळजवळ बरोब्बर एक चौरस मीटरचं असतं (१.३३ मीटर रुंद, ०.७५ मीटर उंच). म्हणजे साठ इंचांवर जितके लक्स, तितकेच ल्युमेन. गुणाकार करायलाच नको. मित्राच्या घरी, खिडकीला चादर लावून, फोन भिंतीला टेकवून नऊ ठिकाणी मोजलं. लेन्ससमोर पुठ्ठा धरून खोलीतला मुळातला उजेड वजा केला. सरासरी आली साठच्या आसपास.

नऊ हजारांचे साठ. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "परत करता येतंय का बघा." परत करायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती.

आता पार्किंगमध्ये काय झालं ते बघा. तिथे त्याने चित्र शंभर इंची पाडलं होतं, मोठं दिसावं म्हणून. शंभर इंच म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. साठ ल्युमेन तेवढ्या जागेवर पसरले की प्रत्येक मीटरला वीस-बावीस. आणि आम्ही नंतर जाऊन मोजलं तर ट्यूबलाइटचा भिंतीवरचा उजेड चाळीसच्या घरात होता. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, ही गोष्ट माझ्या तर कधी डोक्यातच आली नव्हती. काळी अक्षरं म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती जागा. ती जागा भिंत जेवढी उजळ आहे तेवढीच उजळ राहणार. म्हणजे 'काळा' चाळीस आणि 'पांढरा' साठ-बासष्ट. दीडपट फरक. काकांचं काय चुकलं?

चित्र दुप्पट मोठं केलं की उजेड चौथाई होतो, हे हिशेबाचं एक वाक्य पाठ करून ठेवा. खोक्यावरचं '२०० इंचांपर्यंत' वाचताना ते आठवा.

कल्याणची चित्रं

या सगळ्यात वाचताना एक गोष्ट सापडली, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण ज्या कल्याणला रोज गाडी बदलतो, तिथे १८९२ साली महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्यासमोर अशी सरकवायची की पडद्यावरची माणसं हलल्यासारखी वाटावीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला ७ जुलै १८९६ रोजी. त्याच्याही चार वर्षं आधीची ही गोष्ट. पटवर्धनांच्या घरच्या मंडळींनी हे खेळ पुढे गावोगाव फिरून केले. सामान उचलून नेता येईल असा प्रोजेक्टर, अंधार पडायची वाट बघायची, भिंत नाहीतर कापड शोधायचं. आमच्या मित्राची आणि त्यांची अडचण एकच होती, फक्त त्यांच्या खोक्यावर खोटा आकडा नव्हता.

लॅमिंग्टन रोड

शनिवारी सकाळच्या लोकलने निघालो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. आसनगावहून जायला दोन-अडीच तास, पण प्रोजेक्टर समोर लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही असं यावेळी ठरलंच होतं.

दुकानात गेलात की तुम्हाला मत्स्यालय दाखवतील. खरंच. गडद निळं पाणी, त्यात नारंगी मासे, अंधारी खोली. असलं चित्र कुठल्याही प्रोजेक्टरवर भारी दिसतं. आम्ही पेन ड्राइव्हमध्ये आमची स्वतःची फाइल नेली होती, त्यात मराठी मजकूर, एक तक्ता आणि वीजबिलाचा फोटो. दुकानातल्या दादांना म्हटलं, "हे लावा, आणि एक लाइट चालू करा." दोन दुकानांत चेहरे उतरले. तिसऱ्या दुकानातले दादा हसले आणि म्हणाले, "ताई, शिकून आलात वाटतं."

तिथे बऱ्याच गोष्टी डोळ्यांनी कळल्या. स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेकदा एक छोटा एलसीडी पडदा आणि मागे एलईडी असतो. मध्यभागी अक्षर स्पष्ट केलं की कोपरे धुरकट होतात, कोपरे नीट केले की मध्य जातो. शिवाय यातल्या अनेकांत हवा खेळवणारा पंखा धूळही आत ओढतो, मग काही महिन्यांनी चित्रावर डाग. आपल्याकडची हायवेची आणि क्रशरची धूळ आठवा. खरोखर खिशात किंवा मुठीत मावणारे असतात ते बहुतेक डीएलपी चिपवाले. या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात, प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा हलून उजेड लेन्सकडे टाकतो किंवा बाजूला वळवतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये हे तंत्र शोधलं. चित्र लहान पण कडक येतं.

'फोर-के सपोर्ट' म्हणजे काय, तर फोर-के फाइल तो आत घेतो. बाहेर टाकताना स्वतःच्या ताकदीने टाकतो. विचारायचं ते 'नेटिव्ह रिझोल्युशन'. डब्याच्या आकाराचा नेब्युला कॅप्सूल २०१७ मध्ये आला तेव्हा तो ८५४ गुणिले ४८० होता आणि १०० आन्सी ल्युमेनचा. नंतरचा कॅप्सूल ३ हा १९२० गुणिले १०८० आणि २०० आन्सी ल्युमेन. बघा, नावाजलेल्या कंपनीचा मुठीएवढा प्रोजेक्टर स्वतःहून १०० आणि २०० असे आकडे सांगतो. मग साडेचार हजारांच्या डब्यावरचे ९,००० कुठून आले असतील? सॅमसंगचा फ्रीस्टाइल २०२२ मध्ये भारतात आला तो ८४,९९० रुपयांना, आणि त्याच्या आत बॅटरीच नव्हती. किंमत जास्त म्हणजे आपल्या कामाचा, असंही नाही.

मराठीवाल्यांसाठी एक खास मुद्दा. ४८० ओळींच्या पडद्यावर इंग्रजी बारीक अक्षर कसंबसं चालून जातं, आपलं देवनागरी नाही. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं; उभी जागा जास्त लागते. आमच्या फाइलमध्ये एका स्लाइडवर चौदा ओळी होत्या, 'अनुदान'चा उकार शोधावा लागत होता. सात ओळी केल्या तेव्हा मागच्या भिंतीला टेकूनही वाचता आलं. हे प्रोजेक्टर न बदलता झालं, फुकटात.

बॅटरी, वायर आणि फाँट

बॅटरी 'अडीच तास' लिहिलेली असते ती बऱ्याचदा इको मोडमध्ये, म्हणजे उजेड कमी करून. कित्येक मॉडेल प्लग काढल्याबरोबर आपणहून मंद होतात. म्हणून दुकानात चार्जर काढून बघा. आपल्या भागात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे टाइप-सी पॉवर डिलिव्हरीवर चालतो का हे विचारून घ्या. चालत असेल तर योग्य वॉटचा पॉवर बँक आयत्या वेळी वाचवतो. साध्या पॉवर बँकवर तो चालू होईलच असं नाही. वॉट दोन्हीकडे जुळायला हवेत.

फोनवरून दाखवायचं म्हणाल तर आधी आपला फोन बघा. टाइप-सी पोर्ट असला म्हणजे त्यातून चित्र बाहेर निघतंच असं नाही, आपण वापरतो त्या स्वस्त-मध्यम फोनमध्ये बहुतेकदा निघत नाही. वायफायने मिररिंग होतं, पण समोर तीस लोक बसलेले असताना 'कनेक्टिंग...' बघत उभं राहणं फार लाजिरवाणं असतं. वायर बरी. छोट्या प्रोजेक्टरला मिनी एचडीएमआय असू शकतं, ती वायर गावात आयत्या वेळी मिळत नाही.

आणि फाइल पीडीएफ करून न्या. प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरला मराठी फाँट माहीत असतीलच असं नाही. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमधला मजकूर तर दुसऱ्या यंत्रावर सरळ रोमन अक्षरांचा काला होतो. आम्ही दुकानात पीपीटी लावली तेव्हा 'सौर ऊर्जा'च्या जागी चौकोन आले होते. मित्र म्हणाला, "सोलर पॅनेल आहेत ना ते." हसून हसून वाट लागली.

ठेवायचं कुठे हाही प्रश्नच. बऱ्याच छोट्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२ च्या आसपास असतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतर. साठ इंची चित्राला साधारण १.६ मीटर. म्हणजे प्रोजेक्टर पहिल्या रांगेच्याही पुढे येतो, आणि लहान मुलं हाताचे ससे करणार हे गृहीत धरा. बूड तिरकं ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करता येतं, पण त्यात पिक्सेल वाया जातात. आधीच ते ४८० ओळींचे. तळाला स्क्रू असेल तर कॅमेऱ्याचा साधा ट्रायपॉड लावावा.

मग घ्यायचा का?

माझं प्रामाणिक मत: चार-पाच माणसांसमोर बोलायचं असेल तर घेऊ नका. मुरबाड एमआयडीसीतल्या एखाद्या मॅनेजरच्या केबिनमध्ये सकाळी अकरा वाजता कुठलाही खिशातला प्रोजेक्टर फिका पडणार. तिथे टॅबलेट टेबलावर ठेवा, माणूस बोटाने मागेपुढे करतो, प्रश्न विचारतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गातही नको, तिथे छताला लावलेला मोठा प्रोजेक्टर हवा.

त्याची जागा मधली आहे. दहा ते तीस माणसं, अंधार किंवा अंधार करता येईल अशी जागा, आणि पॉइंटची खात्री नाही. डिजिटल ग्रीन या संस्थेने नेमकं हेच हेरलं. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातून सुरू झालेल्या या कामात शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेले व्हिडिओ बॅटरीवरच्या पिको प्रोजेक्टरने गावातल्या छोट्या गटांना दाखवले जातात. कुणाच्या तरी घरात, भिंतीवर, मधेच थांबवून चर्चा करत.

आपल्याकडे तर सगळ्या सभा रात्रीच असतात! माणसं कसारा-आसनगाव लोकलने आठ-नऊला उतरणार, जेवणार, मग खाली येणार. पाड्यावर बचत गटाची बैठकही भाकऱ्या झाल्यावरच. अंधार आपल्या बाजूने आहे, फक्त ट्यूबलाइट बंद करायला सांगायची लाज वाटता कामा नये.

मित्राने शेवटी डोंबिवलीच्या एका ओळखीच्याकडून वापरलेला घेतला. डब्याएवढा, डीएलपी, १०० आन्सीवाला, चौदा हजारांत. घरी मोजला तर पंच्याऐंशी भरले, आणि प्लग काढल्यावर त्याहून कमी. वापरलेला म्हणून बॅटरीचा पूर्ण चित्रपटभर दम बघून घेतला, पावणेदोन तास टिकली. मी त्याला म्हटलं होतं, नको घेऊस, लाइट बंद करून आणि चित्र लहान करून जुन्या डब्यावरही तुझं भागेल. बऱ्याच अंशी भागलं असतंही. पण त्याला टोकावड्याकडच्या शेतघरांवर जायचं असतं, तिथे जुन्या डब्याला पॉइंट कुठून आणणार, असं त्याचं म्हणणं. आणि त्या डब्याचा पंखा मिक्सरसारखा वाजायचा. ठीक आहे, त्याचे पैसे.

दुसरा रविवार

यावेळी आम्ही तासभर आधी गेलो. पार्किंगची भिंत पिवळट, ओल आलेली. पडद्याला काय? मित्राने एका जुन्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू दुहेरी घडी करून दोन खांबांमध्ये ताणली. नेत्यांचे हसरे चेहरे आत, आमची स्लाइड बाहेर. साठ इंच, त्याहून एक बोटही मोठं नाही. खुर्च्या पुढे ओढून अर्धगोल केल्या. वॉचमन काकांना सांगून समोरच्या दोन ट्यूब बंद केल्या, मागच्या दोन चालू ठेवल्या, लोकांना एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत. भिंतीवर पाच लक्स. लगेच पावसाळी किडे लेन्सवर आले, ते पडद्यावर हत्तीएवढे दिसायला लागले. पहिल्या रांगेतल्या पोरांना प्रेझेंटेशनपेक्षा तेच आवडलं.

पण यावेळी लोक वाचत होते. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान, दहा किलोवॅटला १ लाख ८० हजार. ही स्लाइड त्याला तीन वेळा मागे घ्यावी लागली. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा फोटो आल्यावर दोन काकूंनी उठून जवळ येऊन आकडा तपासला. कुणी "चित्र कधी" विचारलं नाही. उलट गेल्या वेळचेच काका उभे राहिले.

"मला एकच सांग. लाइट गेली तर आमची लिफ्ट तुझ्या सोलरवर चालेल का?"

हे उत्तर स्लाइडवर नव्हतं. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लिफ्ट चालवायची तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो, आणि खर्च बराच वाढतो. ती दुसरी पार्टी काय सांगून गेली असेल देव जाणे. मी मित्राकडे बघितलं, त्याने भावाकडे बघितलं.

"नाही चालणार, काका," मित्र म्हणाला. "दिवसा उन्हात लाइट गेली तरी बंद पडेल. बॅटरीसकट हवं असेल तर त्याचा हिशेब वेगळा देतो."

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "मग काय उपयोग?" सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "उपयोग बिलाचा. ती बिलाची पाटी परत लाव बरं." त्याने लावली. मग पुढची वीस मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही, त्यांचे तेच बोलत होते, पडद्याकडे बोट दाखवून, भांडून, मोबाइलवर गुणाकार करून.

सव्वादहाला प्रोजेक्टरने बॅटरी कमी असल्याची सूचना दाखवली आणि सभा उठली. ठराव झालेला नाही. बॅटरीसह आणि बॅटरीविना अशी दोन कोटेशन त्यांनी लेखी मागितली आहेत, दुसऱ्या पार्टीकडूनही तशीच मागवली आहेत. तिसरी सभा या रविवारी आहे. यावेळी पॉवर बँक मी नेणार आहे.